समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया: मोठ्या वादळाला टिकतो, मग रोजच्या लाटांचं टेन्शन कशाला?

खानापूरचा_पाऊस:
नमस्कार मंडळी. बेळगावात सिव्हिलच्या फायनल इयरला आहे, घर खानापूर तालुक्यात. सेमिनारला चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि माझ्या चिठ्ठीत निघालं समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पाया आणि त्यावर परत परत येणारा लोड. आता आम्ही समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्याला, पवनचक्की बघायची तर उलट्या दिशेला गदगकडे कप्पतगुड्ड्याला, दोन्ही एका जागी बघितलेलं नाही. पेपर इंग्लिशमध्ये, सर समजावतात कन्नडमध्ये आणि डोकं चालतंय मराठीत, त्यामुळं तीन दिवस नुस्तं वाचालोय आणि काही आत जाईना.

अडलंय कुठं ते सांगतो. पाया डिझाइन करताना ५० वर्षांतून एकदा येईल असलं वादळ धरतात ना, मग जो पाइप एवढं वादळ झेलतोय त्याला रोजच्या दोन-अडीच मीटरच्या लाटेनं काय होणार आहे? आपल्या भिंतीवर ट्रक आदळला तरी भिंत उभी राहणार असेल तर रोज शेजारचं पोरगं बॉल मारतंय म्हणून आपण घाबरतो का? दुसरं म्हणजे एका पेपरात लिहिलंय वारंवार लोड दिला की माती कडक होते, दुसऱ्यात लिहिलंय माती मऊ पडते. खरं कुठलं? सरांना विचारलं तर "दोन्ही बरोबर" म्हणाले आणि निघून गेले.

निपाणीचं_रान:
इंजिनियर नाही, शेतकरी आहे, पण हा विषय आमच्या गोठ्यात रोज चालतोय म्हणून लिहितो. म्हशीचा खुंटा बघ. नवा ठोकला की घणानं मारला तरी हलत नाही. म्हैस एकदम हिसडा मारते तेव्हा दावं तुटतं पण खुंटा जाग्यावर. पण तीच म्हैस दिवसभर माश्या हाकलत मान हलवते, दर वेळी जरासं ओढ, जरासं सैल, ओढ, सैल. महिन्यानं बघ, खुंट्याच्या भोवती बोट जाईल एवढी फट पडलेली असते आणि खुंटा दाव्याच्या बाजूला कललेला. पावसाळ्यात तर त्या फटीत पाणी साचतं आणि खुंटा हलला की पिचकारीसारखा चिखल वर उडतो. उन्हाळ्यात तोच खुंटा उपटायला दोन माणसं लागतात. ट्रक आणि बॉलचं तुझं उदाहरण चुकलंय भावा, भिंत विटांची असते, माती तशी नसते, ती लक्षात ठेवते.

माती_बघणारा:
निपाणीवाल्या भाऊंनी अर्धा सेमिनार सांगून टाकला. मी मूळचा बेळगावचा, बारा-तेरा वर्षं किनाऱ्यावरच्या जेटी आणि पाइलची कामं करतोय, समुद्रातली पवनचक्की स्वतः उभारलेली नाही पण विषय जवळचा आहे. जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी वस्तू डोळ्यासमोर आण. समुद्रातल्या बहुतेक पवनचक्क्या मोनोपाइलवर उभ्या आहेत, म्हणजे एकच जाड स्टीलचा पाइप, पूर्वी ४ ते ६ मीटर व्यासाचा आणि आता ८ ते १० मीटर, समुद्राच्या तळात २०-३० मीटर ठोकलेला. डेन्मार्कमध्ये १९९१ ला विंडेबीला पहिल्या ११ चक्क्या उभ्या केल्या त्या काँक्रीटच्या वजनदार बैठकीवर होत्या, पण नंतर मोनोपाइलच चालला कारण बनवायला सोपा, ठोकायला सोपा.

आपण इमारतीचा पाया करतो तेव्हा मुख्य काळजी उभ्या वजनाची. इथं उलटं आहे. वरचं यंत्र त्या मानानं हलकं आणि आडवा रेटा प्रचंड. ५ मेगावॅटच्या यंत्राला वाऱ्याचा रेटा साधारण ८० टनांपर्यंत जातो आणि तो लागतो पाण्याच्या वर ९० मीटरवर. त्यात २० मीटर पाणी धर, म्हणजे तळाशी मोमेंट (वाकवणारा जोर, रेटा गुणिले अंतर) झाला ८० गुणिले ११०. कोणीतरी शंभर मीटरचा बांबू हातात धरून टोकाला ढकलतोय असं समज. गंमत म्हणजे हा सगळ्यात मोठा रेटा वादळात येत नाही. वारा सेकंदाला ११-१२ मीटर असताना, म्हणजे यंत्र नुकतं पूर्ण ताकदीला आलेलं असताना येतो. त्याच्या वर वारा गेला की पाती फिरून वाऱ्याला कड देतात आणि रेटा कमी होतो. म्हणजे वाऱ्यापुरतं बोलायचं तर 'रोजचा' लोडसुद्धा किरकोळ नाहीये, वादळात खरी मारते ती लाट.

आता मोजणी कर. दहा सेकंदाला एक लाट धरली तर दिवसाला ८,६४०, वर्षाला साडेएकतीस लाख, २५ वर्षांत पावणेआठ कोटींच्या वर. वाऱ्याचे झटके आणि पात्यांची फिरकी वेगळीच. निपाणीच्या म्हशीनं पण एवढी मान हलवली नसेल.

आणि हा लोड दोन्हीकडं सारखा नसतो. वारा एका बाजूनं सतत टेकू देऊन असतो आणि त्याच्यावर लाटांचं हलणं. म्हणजे पाइप मध्यावर झुलत नाही, एका बाजूला रेललेला असताना झुलतो. प्रत्येक झुल्यात तो पूर्ण परत येत नाही, केसाएवढं तिकडंच राहतो. याला रॅचेटिंग म्हणतात. सायकलचं मागचं फ्रीव्हील कसं एकाच दिशेनं टकटक पुढं सरकतं, तसं.

२०१० मध्ये ऑक्सफर्डच्या हूल्सबी आणि बर्न यांनी डेन्मार्कच्या लेब्लाँकबरोबर वाळूतल्या छोट्या मॉडेलवर हजारो वेळा लोड देऊन हे मोजलं, काही टेस्ट ६० हजार सायकलच्या (एकदा ओढ, एकदा सैल म्हणजे एक सायकल) आसपास गेल्या. त्यात साचणारा कल सायकलींच्या संख्येच्या ०.३१ घाताप्रमाणे वाढला. सोप्या भाषेत, सायकली दहापट झाल्या की साचलेला कल साधारण दुप्पट. आणखी एक मजा, सगळ्यात जास्त कल पूर्ण एकतर्फी लोडला आला नाही, एका बाजूला जोरात आणि उलट्या बाजूला त्याच्या निम्म्याहून जरा जास्त, अशा लंगड्या लोडला आला. सेमिनारमध्ये हे सांग, परीक्षक नक्की प्रश्न विचारतील आणि तुला उत्तर येत असेल.

कल किती चालतो म्हणशील तर आयुष्यभरात एकूण अर्धा अंश, हा बऱ्याच ठिकाणी धरला जाणारा आकडा. त्यातला पाव अंश तर ठोकतानाच वाकडं जाईल म्हणून राखून ठेवतात. राहिला पाव. अर्धा अंश ऐकायला काहीच वाटत नाही पण १०० मीटर वर गेलं की ८७ सेंटीमीटर होतात, आणि एवढ्या उंचीवर बेअरिंग आणि गिअरबॉक्स वाकडे चालायला लागले की कंपनी यंत्राची हमी देत नाही.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: वादळाला पाया 'मोडतो का' हे बघतात, रोजच्या लोडला 'सरकतो का' आणि 'बदलतो का' हे बघतात. मोडण्यापेक्षा सरकणं आणि बदलणं जास्त वेळा डिझाइन ठरवतं. दुसऱ्या प्रश्नाचं जेवून लिहितो.

उद्यमबाग_लेथवाला:
सर जेवून येस्तोवर आमचं ऐका. मी उद्यमबागेत मशीन शॉपला हाय, क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे पार्ट. मातीचं आपल्याला काय कळत नाही पण परत परत लोड म्हणशीला तर लोखंडाचं पण तेच हाय की. एकदा एक शाफ्ट परत आला तुटून, ज्यांच्याकडनं आला ते म्हणाले मटेरियल खराब दिलंसा. तुटलेला तोंडवळा बघितला तर अर्धा भाग शिंपल्यासारखा गुळगुळीत, वर्तुळं वर्तुळं, आणि उरलेला अर्धा खडबडीत दाणेदार. म्हणजे तडा महिनोन्महिने हळूहळू गेला आणि शेवटी उरलेलं एका झटक्यात तुटलं. सुरुवात कुठनं झाली तर खांद्याजवळ रेडियस (कोपऱ्याची गोलाई) नीट नव्हता, टूलचा एक ओरखडा. झालं, भांडण मिटलं, रेडियस त्यांच्याच ड्रॉइंगमध्ये बारका होता.

मोनोपाइलला पण तसंच वेल्डिंगचं. जाड प्लेट, ६० ते १०० मिमी, रोल करून ड्रमसारख्या कड्या करत्यात आणि एकावर एक वेल्ड. प्रत्येक गोल वेल्ड म्हणजे एक ओरखडाच. म्हणून चांगल्या कामात वेल्डचा उंचवटा घासून सपाट करत्यात, आणि पाइपच्या अंगावर जास्त ताणाच्या जागी शिडीचा ब्रॅकेट बिकेट वेल्ड करत नाहीत. वेल्डला ढोबळ हिशेब असा हाय, ताण दुप्पट झाला तर आयुष्य आठपट कमी. आणि खाऱ्या पाण्यात गंज लागला की 'एवढ्या ताणाखाली कधीच तुटणार नाही' असली काही सोय राहत नाही. अजून एक, हॅमरनं ठोकतानाच हजारो दणके बसत्यात, ते पण आयुष्यातनं वजा. पोरगं शाळेत जायच्या आधीच म्हातारं व्हायला सुरुवात.

खानापूरचा_पाऊस:
अण्णा एक नंबर. म्हणजे स्टीलला थकवा आणि मातीला सरकणं, दोन वेगळे विषय आहेत आणि मी एकच समजून वाचालो होतो.

माती_बघणारा:
वेगळे आहेत पण एकमेकांच्या गळ्यात पडलेले आहेत, तेच आता सांगतो.

माती कडक होते की मऊ? वाळू असेल तर पाइपच्या हलण्यानं दाणे खाली बसतात, जागा शोधतात, गच्च होतात. पीठ भरताना डबा आपटतो ना, तसं. पाइपला लागून वरच्या बाजूला खड्डा पडतो, भोवतालची वाळू त्यात घसरते, हळूहळू वाळू फिरत राहते. त्यामुळं कल वाढत असतानाच प्रत्येक झुल्याला पाइप आधीपेक्षा कमी हलतो. ऐकायला विचित्र आहे पण दोन्ही एकदम होतं: जास्त कलला आणि जास्त घट्ट झाला.

चिकणमाती असेल तर उलट. दाण्यांमधलं पाणी लगेच बाहेर पडू शकत नाही, दर झुल्याला पाण्याचा दाब थोडा वाढतो आणि दाण्यांची एकमेकांवरची पकड कमी होते, माती मऊ पडते. शिवाय खुंट्यासारखी फट. त्या फटीत पाणी आत-बाहेर करतं आणि माती धुऊन नेतं, निपाणीची पिचकारी ती हीच. बारीक गच्च न बसलेली वाळू असेल आणि वादळात लोड झपाझप आले तर तिथंही पाण्याचा दाब साचतो, पण वादळ सरलं की निघून जातो. तुमचे सर बरोबर होते, फक्त घाईत होते.

आता खरा घोळ. प्रत्येक उभ्या वस्तूला तिची झुलायची लय असते. चक्कीची पाती मिनिटाला ६ ते १२ फेरे घेतात असं धर, म्हणजे सेकंदाला ०.१ ते ०.२. तीन पाती असल्यामुळं खांबासमोरून दर फेरीत तीन वेळा पातं जातं, तो झाला ०.३ ते ०.६. लाटांची लय ०.१ च्या आसपास. मग टॉवर आणि पाइप मिळून स्वतःची लय कुठं ठेवायची? ०.२ आणि ०.३ च्या मधल्या चिंचोळ्या गल्लीत. दोन्ही भिंतींपासून साधारण १० टक्के अंतर ठेवून. झोपाळ्याला बरोबर लयीत धक्का दिला की तो कसा वर जातो माहीत आहे ना, ते इथं नको असतं.

आणि ही लय ठरते पायाच्या घट्टपणावर. पाया घट्ट झाला तर लय वर सरकते, पात्यांच्या लयीकडं. सैल झाला तर खाली, फेऱ्यांच्या आणि लाटांच्या लयीकडं. म्हणजे घट्ट झालं तरी पंचाईत, सैल झालं तरी पंचाईत. लय जवळ गेली की झुलणं वाढतं, झुलणं वाढलं की लेथवाल्या अण्णांचा थकवा वाढतो. असा मातीचा प्रश्न स्टीलच्या वेल्डपर्यंत पोचतो.

त्यात प्रवाहानं पाइपच्या बुडाशी माती खणली जाते, दगड टाकून संरक्षण केलं नाही तर व्यासाच्या १.३ पट खोलीचा खड्डा धरतात, म्हणजे ६ मीटरच्या पाइपला जवळपास ८ मीटर. पाइप तेवढा उघडा पडला की लय लगेच खाली.

शहापूरकर_०७:
मधेच बोलतो सॉरी. मग पाइप सरळ डबल जाडीचा करा की! एवढं गणित कशाला. आमच्याकडं स्लॅबला काँट्रॅक्टर शंका आली की एक सळी जास्त टाकतो, विषय संपला.

माती_बघणारा:
तीच तर गोची आहे. जाड केला की घट्ट होतो, घट्ट झाला की लय ०.३ च्या भिंतीला जाऊन टेकते. इथं जास्त सळी टाकून सुटका नाही. शिवाय एक पाइप आत्ताच हजार-दीड हजार टनांच्या घरात असतो, तो उचलणारी जहाजं जगात मोजकी आणि त्यांचं भाडं दिवसावर. इंग्लंडजवळच्या समुद्रात लंडन अ‍ॅरे नावाच्या प्रकल्पात १७५ चक्क्या आहेत, प्रत्येकी ५० टन वाढवलं तर ८,७५० टन स्टील झालं.

आणि हो, आपण घट्टपणा कमी धरतो असंच बऱ्याच ठिकाणी निघालं. उभ्या असलेल्या चक्क्यांची लय मोजली तर ती डिझाइनपेक्षा जास्त भरली. कारण जुनी पद्धत तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या लांब बारीक पाइलवरून आलेली. वाळूसाठीची मूळ चाचणी टेक्सासच्या किनाऱ्यावर मस्टँग आयलंडला २४ इंची पाइपांवर झालेली, १९७४ ला छापली, आणि तेच सूत्र आपण ६ मीटरच्या पाइपला लावत बसलो. बारीक पाइल छडीसारखा वाकतो, जाड मोनोपाइल पहारीसारखा अख्खा फिरतो, बूडसुद्धा उलट्या बाजूला सरकतं. म्हणून पुढं पीसा नावाचा प्रकल्प झाला, इंग्लंडात काउडनला चिकणमातीत आणि फ्रान्सला डंकर्कच्या वाळूत २ मीटर व्यासापर्यंतचे पाइप जमिनीवर ठोकून ओढून बघितले. ते मुख्यतः एकदा ओढण्याचं काम, वारंवार लोडचं गणित त्याच्यावर अजून रचलं जातंय.

निपाणीचं_रान:
पाइप आणि वरचा खांब जोडतात कसं? खुंट्याला दावं बांधायची जागा पण घासते.

माती_बघणारा:
बरोबर नस पकडलीत. पूर्वी मोनोपाइलवर एक मोठी बाही सरकवायचे, ट्रान्झिशन पीस, आणि मधल्या फटीत ग्राउट (सिमेंटचा पातळ गिलावा) भरायचे. आतून सगळं गुळगुळीत, चिकटण्यावर भरवसा. २००९-१० मध्ये युरोपात लक्षात आलं की बऱ्याच चक्क्यांत ही बाही काही सेंटीमीटर खाली घसरून आतल्या टेकूंवर बसलीय. वाकण्याच्या लाखो झुल्यांनी ग्राउट आणि स्टीलची चिकट सुटली. तिथं पण वादळानं काही मोडलं नव्हतं, नुसतं डुलून डुलून सुटलं. मग शंकूच्या आकाराची बाही, नाहीतर आत वेल्डच्या कडा, नाहीतर सरळ नटबोल्ट असे उपाय आले.

उद्यमबाग_लेथवाला:
टेपर फिट! लेथवर ड्रिलचं शँक टेपर का असतंय ते शिकवायला युरोपात एवढा खर्च झाला म्हणायचा. आम्हाला विचारलं असतं तर चहावर सांगितलं असतं.

खानापूरचा_पाऊस:
दहा दिवसांनी परत आलो. प्रयोग केला. २० लिटरची पेंटची बादली, त्यात मलप्रभेची वाळू चाळून, दोन इंची पीव्हीसी पाइप मध्यभागी. पाइपच्या टोकाला दोरी, दोरी खुर्चीच्या पाठीवरून खाली, टोकाला पाण्याची बाटली. बाटली सोडली की ओढ, उचलली की सैल. पाइपच्या टोकाला पेन्सिल बांधली आणि मागं ग्राफ पेपर. मोजायला बहिणीला बसवलं, पाचशेला एक आइस्क्रीम या बोलीवर.

पहिल्या ओढीनंतर सैल सोडल्यावर पेन्सिल जवळपास २ मिमी तिकडंच राहिली. दहाव्याला ४ ला जरा कमी. शंभराला ७ च्या पुढं. पाचशेला ११. आधी मला वाटलं होतं पाचशेला पाचशेपट नाहीतर निदान पन्नासपट तरी होईल, पण नाही, माती_बघणारा सरांनी सांगितलं तसं दहापटीला दुप्पट, जवळजवळ तसंच. आणि दर ओढीला पेन्सिल किती हलते ते सुरुवातीला ९ मिमी होतं, शेवटी ७ च्या आत. कलला पण आणि घट्ट पण झाला, डोळ्यांनी बघितलं. पाइपच्या मागं दोन बोटं मावतील एवढा खड्डा पडलाय आणि कडेनं वाळू सारखी त्यात घसरत होती, आवाज येत होता बारीक.

मग गंमत म्हणून बाटली उलट्या बाजूला लावून कमी पाण्यानं पन्नास वेळा ओढलं तर कल थोडा परत आला. हे बरोबर आहे का माझं काही चुकलंय?

माती_बघणारा:
चुकलं नाही, शाब्बास. वाळूत छोटे उलटे लोड आले तर वादळानं आलेला कल थोडा भरून निघतो. पण वाऱ्याची दिशा सारखी बदलत राहिली तर एकाच दिशेच्या लोडपेक्षा कल जास्त साचतो असंही चाचण्यांत दिसलंय, तेव्हा 'आपोआप भरून येतं' असं सेमिनारमध्ये ठोकून देऊ नकोस.

एकच खोट. बादलीची भिंत पाइपच्या फार जवळ आहे, वाळूला पळायला जागा नाही, त्यामुळं तुझे आकडे थोडे कडक आलेत. दोनशे लिटरचं बॅरल मिळालं तर बघ. आणि शेवटच्या स्लाइडला आपल्याकडचं टाक: समुद्रातल्या पवनचक्क्यांचं २०१५ चं राष्ट्रीय धोरण, २०२४ ला केंद्रानं गुजरात आणि तामिळनाडूत प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी मिळून ७,४५३ कोटींची मदत मंजूर केली. गुजरातची बाजू खंबातच्या आखाताकडं, तिथं तळाला मऊ चिकणमातीचे थर, भावनगरपाशी भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या घरात, प्रवाह जोरदार. म्हणजे तुझ्या वाळूच्या बादलीचं उत्तर तिथं चालणार नाही, तिथं चिखलाची बादली लागेल.

खानापूरचा_पाऊस:
बादली आता आईनं परत घेतलीय, बॅरल मामांच्या शेतावर आहे. पण चिखलाचं कसं करू सर, काळी माती भिजवली की दोन दिवसांत वरून वाळून तडकालीय.

निपाणीचं_रान:
बॅरल बिरल सोड, ये इकडं. गोठ्यात खुंटा आहे, खाली काळी माती आहे, आणि म्हैस फुकट सायकली देते, बहिणीला आइस्क्रीम पण नको. फक्त जुलैमध्ये ये. एप्रिलमध्ये आलास तर तुझी पेन्सिल हलायची नाही.